सारिका काळे आणि आपला ‘स्वस्त’ खेळ

माणसाने कोणता खेळ खेळावा हे पुष्कळ अंशी त्याच्या पायाखालची जमीन ठरवीत असते, असे मला वाटते. युरोपच्या उत्तर टोकाला असलेला फिनलंड हा चिमुकला देश पाहा. वर्षातील कित्येक महिने तेथील भूमी बर्फाखाली निजलेली असते. पायांना लांब पट्ट्या बांधायच्या, हातांत दोन काठ्या घ्यायच्या आणि मैलोगणती बर्फ कापीत जायचे, ही तेथील लोकांची जुनी प्रवासाची रीत. तिचीच पुढे शर्यत झाली. या शर्यतीत मार्या-लीसा हॅमॅलॅइनेन या फिनिश महिलेने मोठे नाव मिळविले. १९७६ आणि १९८० च्या हिवाळी ऑलिंपिकमधून ती रिकाम्या हाताने परतली होती. १९८४ साली सारायेव्हो येथे मात्र तिने ५, १० आणि २० किलोमीटर या तिन्ही वैयक्तिक शर्यती जिंकल्या. त्यानंतर दहा वर्षांनी, १९९४ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी तिने आणखी दोन कांस्यपदके पटकावली.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात बर्फ दिसतो तो रसवंतीच्या गुऱ्हाळावर! आपल्या वाट्याला आली आहे ती बालाघाटच्या डोंगररांगांची खडकाळ जमीन, बेभरवशाचा पाऊस आणि शाळेपुढचे मुरमाचे पटांगण. या पटांगणातून जो खेळ उगवला तो खो-खो. आणि या खेळातून जी खेळाडू देशाच्या कर्णधारपदापर्यंत आणि अर्जुन पुरस्कारापर्यंत पोहोचली ती सारिका काळे. त्यांच्या कारकिर्दीच्या निमित्ताने या खेळाचे मर्म समजून घ्यावे, आणि ‘खो-खो हा गरिबाचा, बिनखर्चाचा खेळ’ हे जे वाक्य आपण सहज बोलून जातो ते कितपत खरे आहे हेही तपासून पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे.

खेळाचे रूप

खो-खो आपण सर्वांनी शाळेत खेळलेला असतो, पण त्याचे शास्त्र फार थोड्यांनी पाहिलेले असते. पळापळीचा हा खेळ महाराष्ट्रात जुन्या काळापासून आहे. त्याला नियमांची शिस्त आली ती विसाव्या शतकाच्या आरंभी, पुण्याच्या डेक्कन जिमखान्यासारख्या संस्थांमुळे. पुढे १९५९-६० साली विजयवाडा येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली, आणि लगेच पुढच्या वर्षी कोल्हापुरात महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली.

मैदानाच्या मधोमध एक अरुंद पाटी, तिच्या दोन टोकांना दोन खांब आणि पाटीवर आठ चौकोन. या चौकोनांत आक्रमक संघाचे आठ खेळाडू बसतात. एकाचे तोंड एका बाजूला, तर शेजारच्याचे विरुद्ध बाजूला. नववा खेळाडू पाठलाग करतो. समोरच्या संघाचे संरक्षक तीन-तीनच्या तुकडीने मैदानात उतरतात. नऊ मिनिटांची एक पाळी, आणि अशा चार पाळ्यांचा, म्हणजे छत्तीस मिनिटांचा सामना.

खेळाची सारी गंमत एका असमान न्यायात आहे. पळणाऱ्याला बसलेल्या खेळाडूंच्या मधून कसेही आरपार जाता येते. पाठलाग करणाऱ्याला मात्र मधली पाटी ओलांडता येत नाही. एकदा एक दिशा धरली की खांबापर्यंत तीच ठेवावी लागते. पळणारा पलीकडे गेला तर त्या बाजूला तोंड करून बसलेल्या सोबत्याच्या पाठीवर थाप मारून ‘खो’ द्यायचा आणि त्याची जागा आपण घ्यायची. आक्रमणात एकट्याच्या वेगाला किंमत नाही. नऊ जणांची नजर एकच झाली पाहिजे.

उलट संरक्षण हा एकट्याचा खेळ आहे. बसलेल्या एकेका खेळाडूच्या मागून-पुढून नागमोडी जाणे ही एकेरी साखळी, दोन-दोन सोडून जाणे ही दुहेरी साखळी. शिवाय गोलात पळणे, हूल देणे, खांबाजवळ आलेल्या आक्रमकाच्या हातून अंग चोरून निसटणे, हे प्रकार आहेतच. महिलांच्या वरच्या दर्जाच्या सामन्यात एखादी खेळाडू दोन-अडीच मिनिटे नाबाद पळली तर टाळ्या पडतात. तीन मिनिटे टिकली तर सामन्याचा रंग पालटतो.

येथे सेकंदाचे मोल कळते. फिनलंडचाच युहा मिएतो १९८० साली लेक प्लॅसिड येथे १५ किलोमीटरच्या बर्फावरील शर्यतीत एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने सुवर्णपदकाला मुकला होता. खो-खोत घड्याळ इतके बारीक नसते, पण पळतीची पाच सेकंदे कमी पडली म्हणून हातची स्पर्धा गेल्याची उदाहरणे कोणताही जुना खेळाडू सांगेल.

उस्मानाबादची मुलगी

सारिका काळे यांनी हा खेळ हाती घेतला तो शाळकरी वयात, सुमारे तेराव्या वर्षी. जिल्ह्याचे नाव त्या वेळी उस्मानाबाद होते. घरची परिस्थिती बेताचीही नव्हती. वडिलांना शारीरिक अडचणीमुळे फारसे कमावता येत नव्हते, आई शिवणकाम आणि घरकाम करून हातभार लावी. कुटुंबाचा मुख्य भार आजी-आजोबांच्या कमाईवर होता. २०२० साली अर्जुन पुरस्कार जाहीर झाल्यावर त्यांनी मुलाखतीत जे सांगितले ते वाचून मी काही वेळ स्तब्ध झालो. जवळजवळ दहा वर्षे त्यांना दिवसातून एकदाच जेवायला मिळत असे. पोटभर आणि चांगले अन्न मिळे ते शिबिराला किंवा स्पर्धेला गेल्यावर.

वाचकहो, या वाक्याचा नीट विचार करा. आपण समजतो, खेळाडू शिबिरात जातो तो कसून मेहनत करायला. येथे एका मुलीला शिबिर म्हणजे दोन वेळचे जेवण होते.

प्रशिक्षक चंद्रजीत जाधव यांच्या मार्गदर्शनाखाली त्या घडत गेल्या. जिल्ह्याकडून राज्याच्या संघात, राज्याकडून देशाच्या संघात अशी त्यांची चढती वाटचाल झाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीला बारावी दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धा भरली. त्या स्पर्धेत भारताच्या महिला संघाने सुवर्णपदक जिंकले, आणि त्या संघाच्या कर्णधार होत्या सारिका काळे.

कहाणी येथे संपली असती तर ती गोड झाली असती. पण तेच २०१६ हे वर्ष त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण वर्षही होते. आठवा, त्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. सारा मराठवाडा होरपळत होता. अशा दिवसांत घरच्या ओढाताणीला कंटाळून सारिका काळे यांनी खेळ सोडण्याचे ठरविले. त्यांनी स्वतःला खोलीत कोंडून घेतले असल्याचे आजीने प्रशिक्षकांना कळविले. जाधव यांनी पुढे हा प्रसंग वृत्तपत्रांना सांगितला आहे. त्यांनी समजूत घातली, आणि त्या पुन्हा मैदानावर आल्या. प्रशिक्षकांच्या मते कारकिर्दीला खरे वळण मिळाले ते येथेच.

मला या प्रसंगात त्या सुवर्णपदकाइतकाच मोठा अर्थ दिसतो. देशाच्या विजेत्या संघाची कर्णधार आणि खेळ सोडायला निघालेली हताश मुलगी, या दोन व्यक्ती नव्हेत. एकाच वर्षातील ती एकच व्यक्ती आहे. पदकाने मान मिळतो, घरातला डबा भरत नाही.

स्वस्त कोणासाठी?

खो-खोला चेंडू लागत नाही, बॅट लागत नाही, जाळी लागत नाही. दोन खांब, थोडी फक्की आणि एक शिट्टी एवढ्यावर खेळ उभा राहतो. म्हणूनच ज्या घरात बुटांचा जोड घेणेही जड जाते, त्या घरातली मुलगी येथे खेळायला येऊ शकते. या अर्थाने खेळ स्वस्त आहे हे खरेच.

परंतु शरीराच्या हिशेबात तो मुळीच स्वस्त नाही. लांब पल्ल्याचा धावपटू एका संथ लयीत धावतो. खो-खोत मात्र दर दोन-तीन पावलांना वेग तोडायचा, वळायचे, पुन्हा झेप घ्यायची. हे करताना स्नायूंत साठवलेली साखर भराभर खर्ची पडते. ती साखर येते भाकरी, पोळी, भात यांतून. झिजलेले स्नायू भरून निघतात ते डाळी, दूध, अंडी यांतून. रक्तातून प्राणवायू पोहोचविणारे जे द्रव्य, त्याला लोह लागते. आपल्या देशात पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हे द्रव्य कमी आहे, असे २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. अशा मुलीला दम लागतो तो सराव कमी पडला म्हणून नव्हे. रक्तच अपुरे असते. मैदानाबाहेरून आपण मात्र ‘अगं पळ की!’ म्हणून ओरडतो.

शिवाय मुरमाची जमीन आपला कर घेतेच. खांबाजवळ किंवा पळणाऱ्याच्या पायाशी सूर मारणे हे आक्रमकाचे भेदक अस्त्र. मॅटवर तो सूर डौलदार दिसतो. मुरमावर गुडघे आणि कोपरे सोलून निघतात. वरच्या स्पर्धा आता मॅटवर होतात, आणि खेड्यातली मुलगी वर्षभर सराव करते ती मुरमावर.

म्हणून मला वाटते, खो-खोचा खर्च नाहीसा झालेला नसतो. तो फक्त संस्थेच्या वहीतून निघून खेळाडूच्या शरीरावर चढलेला असतो. सारिका काळे यांनी तो एकवेळ जेवून भागविला. प्रत्येकीला ते जमेलच असे नाही, आणि कोणावरही तशी वेळ येऊ नये.

मान आणि मार्ग

खो-खोचा पहिला अर्जुन पुरस्कार १९७० साली गुजरातच्या सुधीर परब यांना मिळाला. त्यानंतर महाराष्ट्राच्या आणि इतर राज्यांच्या अनेक खेळाडूंनी तो मिळविला. १९९८ साली शोभा नारायण यांना तो लाभला आणि मग मात्र एक दीर्घ शांतता पसरली. तब्बल बावीस वर्षांनी, २०२० साली, ती शांतता मोडली ती आपल्या जिल्ह्यातील मुलीने. साथीच्या रोगामुळे त्या वर्षी २९ ऑगस्टचा समारंभ दूरदृश्य पद्धतीने झाला. पुरस्काराची रक्कम त्याच वर्षी पाच लाखांवरून पंधरा लाख रुपये करण्यात आली होती.

पुरस्कार मिळाला तेव्हा सारिका काळे तुळजापूर येथे तालुका क्रीडा अधिकारी म्हणून काम करीत होत्या. या नोकरीचे महत्त्व मला पुरस्काराइतकेच वाटते. जिल्ह्यातील एखाद्या बापाला ‘मुलीला खेळू द्या’ असे सांगितले की तो विचारतो, ‘खेळून पुढे काय?’ त्या प्रश्नाला भाषणाने उत्तर देता येत नाही. जिचे बालपण आपल्याच मातीत गेले अशी एक मुलगी खेळाच्या बळावर अधिकारी होते, हे उत्तर त्याला पटते.

ही वाट पुढेही चालू राहिली आहे. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८ विरुद्ध ४० गुणांनी हरविले. संघाच्या कर्णधार महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे होत्या, आणि त्या संघात आपल्या धाराशिवच्या अश्विनी शिंदे याही होत्या. मात्र २०२२ साली सुरू झालेल्या व्यावसायिक खो-खो लीगच्या पहिल्या दोन्ही हंगामांत पुरुषांचेच संघ होते. पैसा खेळात आला, तो आधी मुलांकडे गेला.

आरंभी उल्लेखिलेल्या फिनिश महिलेची आठवण येथे पुन्हा होते. दोन ऑलिंपिक अपयशी ठरल्यावरही तिला तिसऱ्यासाठी आणि पुढेही दहा वर्षे खेळता आले. तिची जिद्द थोर होतीच. पण अपयशानंतरही टिकून राहायला जिद्दीबरोबर ताटात अन्न असावे लागते. आपल्याकडे कितीतरी मुली पहिल्या अपयशाआधीच, केवळ घर चालत नाही म्हणून, मैदान सोडून जातात. त्यांची नावे कोणत्याही यादीत येत नाहीत.

मग आपण काय करावे? सत्कार, हारतुरे, फलक हे सारे आपण उत्साहाने करतो, आणि करावेही. पण माझी सूचना साधी आहे. प्रत्येक शाळेने आणि महाविद्यालयाने आपल्या खो-खो संघातील मुलींना सरावानंतर मूठभर शेंगदाणे, गूळ, एक अंडे किंवा पेलाभर दूध द्यावे. वर्षातून एकदा त्यांचे रक्त तपासून घ्यावे. स्नेहसंमेलनाच्या मंडपातील एक कमान कमी केली तरी एवढा खर्च निघू शकेल. बारा मुलींच्या एका संघाला वर्षभर हे मिळाले, तर त्यांतली एखादी तीस सेकंद अधिक पळेल. खो-खोत तीस सेकंद म्हणजे पुष्कळ असतात.