पटावरील मक्तेदारी

कोणत्याही खेळाच्या जाणकारांचा वर्ग एकदा स्थिरावला, म्हणजे तो खेळाचे कौतुक करता करता नकळत त्याच्या दारावरचा पहारेकरीही बनतो. आणि दारात स्त्री उभी राहिली की, तिच्या डावाआधी तिच्या अधिकाराचीच तपासणी सुरू होते. याचा सर्वांत बोलका दाखला म्हणजे बुद्धिबळपटू रोहिणी खाडिलकर. १९७६ साली, वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षी, त्या पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत उतरल्या, तेव्हा त्यांच्या सहभागास हरकत घेण्यात आली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि अखेर जागतिक बुद्धिबळ संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष माक्स यूव्ह यांनी निर्वाळा दिला की, राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदापासून स्त्रियांना वर्ज्य करता येणार नाही.

नियमातली मनाई उठली, तरी नजरेतली उरली. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधील वाइक आन झे येथील स्पर्धेनंतर नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी जाहीरपणे सांगितले की, प्रेक्षक आपल्या खेळाऐवजी कपडे, केस आणि उच्चार यांचीच चर्चा करतात. त्याच दिव्या जुलै २०२५ मध्ये बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकून, एकोणिसाव्या वर्षी, ग्रँडमास्टर झाल्या.

ही नजरही बदलायला हवी. ज्या राळेगणसिद्धी गावाने श्रमदानातून आपला कायापालट घडविला, तेथेही शाळेत वा पारावर पट मांडला जाईल, तेव्हा जाणत्यांनी मुलीला "तुला यातले काय कळते?" असे न विचारता तिच्यासमोर मोहरे मांडावेत, आणि तिचे मूल्यमापन केवळ तिच्या चालींवरून करावे.