धानाच्या नकाशावरचे कोसंबी

रोवणी आटोपून धान फुटव्यावर आले की गोंदिया जिल्ह्यातला शेतकरी बांधीत उतरून पोंगा शोधू लागतो. गादमाशीची अळी फुटव्यात शिरली तर पानाऐवजी कांद्याच्या पातीसारखी चंदेरी नळी बाहेर येते आणि त्या फुटव्याला लोंबी धरत नाही. या किडीला दाद न देणारी जनुके धानाच्या काही वाणांत आहेत. ती गुणसूत्रावर कुठे आहेत, जवळच्या ओळखखुणेपासून किती दूर आहेत, हे कळले की कीड पडायची वाट न पाहता कोवळ्या पानातला डीएनए तपासूनच रोप निवडता येते. असे अंतर काढण्याचे जगभर रूढ असलेले एक सूत्र पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या, १९०७ साली गोव्यात जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींचे आहे.

समजा, दोन जनुकांची जोडी पुढच्या पिढीत शंभरात वीस वेळा फुटलेली दिसली. मग अंतर वीसच का धरू नये? कारण दोघांच्या मध्ये गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल दोनदा झाली, तर फुटलेली जोडी पुन्हा जुळते आणि मोजणीतून निसटते. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९१९ मध्ये प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र मानून गणित मांडले. त्यानुसार उत्तर येते सुमारे साडेपंचवीस सेंटिमॉर्गन (जनुकीय अंतराचे एकक). प्रत्यक्षात एका जागी अदलाबदल झाली की तिच्या शेजारी दुसरी सहसा होत नाही. कोसंबींनी हा अडथळा हिशेबात घेतला आणि त्यांचे उत्तर आले साधारण २१.२.

१९४३-४४च्या सुमाराचा हा शोधनिबंध. आज जनुकीय नकाशे करणाऱ्या संगणकप्रणालींत ‘कोसंबी’ हा एक पर्याय असतो. संशोधक तो निवडतो, ‘कोसंबी फंक्शन वापरले’ असे लिहितो आणि पुष्कळदा मूळ निबंधाचा संदर्भ देतही नाही. कल्पना इतकी मुरते की तिचा कर्ता संदर्भयादीतून गळतो, हे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी फार पूर्वी सांगितले होते. सायटेशनच्या मोजणीत असे वापर धरलेच जात नाहीत.

कोसंबींच्या दुसऱ्या एका कामाच्या वाट्याला तर नावही नीट आले नाही. १९४३ मध्येच त्यांनी यादृच्छिक फलांचे पृथक्करण मांडले. प्रतिमा आणि संदेश यांच्या विश्लेषणात आज मोलाची ठरलेली ही पद्धत बहुतेक पाठ्यपुस्तकांत कार्हुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने शिकवली जाते. त्या दोघांचे काम नंतरचे. कोसंबींचे नाव त्यात जोडायला हवे, हे मला निर्विवाद वाटते.

आणि हा माणूस एका विषयात मावणारा नव्हताच. तक्षशिलेची आहत नाणी तराजूत तोलून, हातोहात फिरताना ती किती झिजली यावरून त्यांनी नाण्यांचा काळानुक्रम लावला. त्यासाठी आपल्या काळातली चलनी नाणीही तोलली. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ची, भारतीय इतिहासावरचा गाजलेला ग्रंथ १९५६चा. हे सगळे कोणत्या एका आकड्यात बसवायचे?

संशोधकाचे मोजमाप करणारा असा आकडा हॉर्हे हर्ष या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये दिला. किमान वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस संदर्भ मिळाले असतील, तर एच-इंडेक्स वीस. एकवीसचा टप्पा गाठला नसेल, एवढीच अट. मग एकाच निबंधाला हजारो संदर्भ मिळोत, आकडा तसूभरही हलत नाही. जीवशास्त्रात संदर्भयाद्या लांब आणि संशोधक अधिक, गणितात दोन्ही कमी. म्हणून दोन विषयांचे आकडे शेजारी ठेवणे चुकीचे. विषयागणिक फरक पडतो आणि एक आकडा माणसाची ढोबळच कल्पना देतो, हे खुद्द हर्ष यांनीही मूळ निबंधात लिहिले आहे. पदोन्नतीच्या फाइलीपर्यंत पोचताना हा इशारा मात्र मागे राहतो.

एका आकड्याने माणूस मोजण्याचे हे अपुरेपण गोंदियाला जवळून लागू पडते. नवेगावबांधच्या जंगलात वनाधिकारी म्हणून राहिलेल्या मारुती चितमपल्लींनी पाखरांचे ज्ञान मराठीत ग्रंथबद्ध केले. मराठी ग्रंथांना आंतरराष्ट्रीय संदर्भसूच्यांत जवळपास स्थान नाही. उद्या इथल्याच एखाद्या प्राध्यापकाने सारसाच्या घरट्यांवर मराठीत सविस्तर नोंदी छापल्या, तर निवड समितीने त्या मागवून घ्याव्यात, नोंदी कशा घेतल्या ते विचारावे आणि मगच गुण द्यावेत.