प्रवास थांबला की रोग बळावतो

उत्तर अमेरिकेतली बहुतेक मोनार्क फुलपाखरं दर शरद ऋतूत मध्य मेक्सिकोच्या डोंगरांकडे निघतात. काहींचा प्रवास ४,००० किलोमीटरपर्यंत जातो.

• रोग : एका परजीवीचे बीजाणू बाधित मादीच्या पोटावरून अंड्यांवर आणि पानांवर पडतात. अळी ते खाते. संसर्ग तीव्र असेल, तर कोषातून निघालेल्या फुलपाखराचे पंख चुरगळलेलेच राहतात.

• तपासणी : पोटाला पारदर्शक चिकटपट्टी हलकेच लावून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. फुलपाखरू लगेच सोडून देता येतं.

• स्थलांतराचा फायदा : दूषित पानं मागे राहतात. बरीच बाधित फुलपाखरं लांब उडू शकत नाहीत आणि वाटेतच गळतात.

• मुक्कामाचा तोटा : १९९०च्या दशकातल्या पाहणीत पूर्वेकडच्या स्थलांतरितांपैकी १० टक्क्यांहून कमी बाधित होती, दक्षिण फ्लोरिडात बारमाही राहणाऱ्यांत हेच प्रमाण ७० टक्क्यांवर होतं.

• बागांची जबाबदारी : आपल्याकडे हळदीकुंकू म्हणून ओळखलं जाणारं झाड अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या बागांत हिवाळ्यातही हिरवं राहतं आणि फुलपाखरं तिथेच थांबतात. त्याऐवजी रुईच्या कुळातली, हिवाळ्यात वाळणारी स्थानिक झाडं लावावीत. तेवढ्यानेही प्रवासाची वाट मोकळी राहते.