आपण रांगेत आहात!

विद्यार्थीमित्रांनो, अशी कल्पना करा की, रंकाळ्यावर फिरायला आलेले एक आजोबा अचानक छातीला हात लावून खाली बसले. तुम्ही 108 हा क्रमांक फिरवता. रुग्णवाहिका येणार कोल्हापुरातलीच. पण फोन घणघणतो तो सव्वादोनशे किलोमीटरांवर, पुण्यात! 2014 साली महाराष्ट्रात ही सेवा सुरू झाली, तेव्हा 937 रुग्णवाहिकांच्या योजनेसाठी मध्यवर्ती कक्ष पुण्यात उभारण्यात आला. प्रत्येक जिल्ह्यात वेगळा कक्ष का नको? उत्तर शोधण्यापूर्वी अशा कक्षांतल्या काही संज्ञा समजून घेऊ.

पहिली संज्ञा 'रांग'. सर्व कर्मचारी बोलण्यात गुंतलेले असले, तर संगणक तुमचा फोन न तोडता थांबवून ठेवतो. दुसरी 'स्वयंचलित वाटप'. कर्मचारी मोकळा झाला की, रांगेतला पहिला फोन त्याच्याकडे जातो. अनेक कर्मचारी मोकळे असतील, तर बहुधा सर्वांत जास्त वेळ रिकामा असलेल्याकडे. तिसरी 'कौशल्यानुसार वाटप'. बँकेला फोन केल्यावर 'मराठीसाठी अमुक अंक दाबा' असे ऐकू येते ना? त्या अंकावरून मराठी जाणणारा कर्मचारी निवडला जातो. चौथी 'अग्रक्रम'. काही फोन रांग ओलांडून पुढे घेतले जातात, दवाखान्यात अत्यवस्थ रोग्याला आधी आत घेतात तसे.

आता खरा प्रश्न : कर्मचारी किती नेमायचे? याचे गणित डेन्मार्कच्या आग्नर एर्लांग या गणितज्ञाने सोडवले. ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करीत. त्यांचे या विषयावरील निबंध 1909 आणि 1917 साली प्रसिद्ध झाले. फोनच्या भाराच्या एककाला त्यांचेच नाव दिलेले आहे.

समजा, ताशी 60 फोन येतात आणि प्रत्येक सरासरी 3 मिनिटे चालतो. म्हणजे तासाला 180 मिनिटांचे बोलणे. हा भार झाला 3 एर्लांग. मग 3 कर्मचारी पुरतील? नाही! फोन घड्याळाच्या ठोक्याला येत नाहीत. कधी पाच मिनिटे शुकशुकाट, तर कधी एकदम चार. शुकशुकाटातला रिकामा वेळ साठवून ठेवता येत नाही. तो वायाच जातो. त्यामुळे तीनच कर्मचारी असले, तर रांग वाढतच राहते.

एर्लांग यांच्या सूत्राने येणारी सरासरी प्रतीक्षा पाहा :

4 कर्मचारी – सुमारे 92 सेकंद
5 कर्मचारी – सुमारे 21 सेकंद
6 कर्मचारी – सुमारे 6 सेकंद

एकच माणूस वाढवला आणि प्रतीक्षा चौथ्या हिश्श्याहूनही खाली आली! हृदय बंद पडलेल्या माणसाच्या दृष्टीने त्या 71 सेकंदांचे मोल काय असेल, ते सांगायला नको.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. असे दोन वेगळे कक्ष घ्या. प्रत्येकात 4 कर्मचारी. प्रतीक्षा 92 सेकंद. आता दोन्ही एकत्र करा : भार 6 एर्लांग, कर्मचारी 8. प्रतीक्षा उरते फक्त 32 सेकंद! माणसे तेवढीच, काम तेवढेच. मग हे झाले कसे? वेगवेगळ्या कक्षांत एकीकडे रांग लागलेली असताना दुसरीकडे कोणी रिकामा बसलेला असू शकतो. एकत्र कक्षात तसे होत नाही. मध्यवर्ती कक्षाचा हा मोठा फायदा.

हा अनुभव तुम्हालाही घेता येईल. पोस्टात किंवा बँकेत जा. दर मिनिटाला किती माणसे येतात आणि प्रत्येकाला किती वेळ लागतो, ते अर्धा तास टिपून घ्या. भार किती एर्लांग आला आणि खिडक्या किती होत्या, ते ताडून पाहा. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गाला गटागटाने द्यावा.

आणि एक लक्षात ठेवा. 108 वर थांबावे लागले, तर फोन ठेवून पुन्हा लावू नका. रांगेतली तुमची जागा जाईल. गंमत म्हणून तर तो क्रमांक कधीच फिरवू नका. तुमच्या मागे कोणाचे तरी आजोबा रांगेत असतील.