मोहरीएवढ्या गोळीतला बर्फ

मुंबईहून गोव्याच्या रस्त्याने निघाले, की पेणच्या पुढे वडखळचा नाका लागतो. तेथून उजवीकडे फुटणारा रस्ता अलिबागला जातो. अलिबागजवळ थळ येथे १९८७ साली जड पाण्याचा कारखाना सुरू झाला. शेजारच्या खत कारखान्यातील वायूंतून तेथे ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, मिळवतात. निसर्गात हायड्रोजनच्या सुमारे साडेसहा हजार अणूंमागे त्याचा एक अणू असतो. थळचे जड पाणी अणुभट्ट्यांसाठी असते. पण ड्युटेरियमचा आणखी एक नवलाचा उपयोग आहे.

ड्युटेरियम आणि ट्रिटियम यांची अणुकेंद्रे एकत्र आली, की प्रचंड ऊर्जा बाहेर पडते. हेच संमीलन. लेसरच्या साहाय्याने ते घडवण्यासाठी मोहरीएवढी पोकळ गोळी घेतात. केसाहून बारीक नळीने तिच्यात हे इंधन भरतात आणि उणे २५४ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठवतात. बर्फ वायूपेक्षा कितीतरी दाट असल्याने इंधन अधिक दाबता येते. मात्र बर्फाचा थर सगळीकडे सारखा हवा. सायकलची ट्यूब जेथे पातळ, तेथेच फुगते ना? तसेच येथेही. थरात खाच राहिली, तर गोळी वेडीवाकडी दबते आणि प्रयोग फसतो.

पेणचा मूर्तिकार साच्यात मातीचा थर हाताने दाबून सारखा करतो. या गोळीत हात कसा घालणार? येथे ट्रिटियमच मदतीला येते! ते किरणोत्सर्गी आहे. त्याच्या किरणांनी बर्फ आतून किंचित तापतो. जेथे थर जाड, तेथे त्याचा आतला पृष्ठभाग जास्त ऊबदार. तेथील बर्फाची सरळ वाफ होते आणि ती पातळ, थंड भागावर जाऊन गोठते. कपाटातली डांबरगोळी अशीच न वितळता उडून जाते. याला संप्लवन म्हणतात. हळूहळू थर आपोआप सारखा होतो. मग क्ष-किरणांनी तपासणी होते. खाच दिसली, तर बर्फ वितळवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

५ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेत लिव्हरमोर येथे अशाच गोळीसाठी १९२ लेसर झोत सोडले. २.०५ मेगाज्यूल ऊर्जा दिली, ३.१५ मेगाज्यूल मिळाली. लेसर चालवायला मात्र सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली. म्हणजे वीजघर अजून दूर आहे.

मित्रांनो, एक डांबरगोळी शाळेच्या तराजूत दर आठवड्याला तोलून पाहा. संप्लवन तुमच्याच वहीत उतरेल.