निवडणं-टिपणं

रात्री बारा ते सकाळी आठच्या पाळीला आमच्याकडे आउल शिफ्ट म्हणतात, म्हणजे घुबडाची पाळी. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात न्यूपोर्ट न्यूज या गावी जेफरसन लॅब आहे. तिथल्या हॉल-डीमधल्या ग्लूएक्स प्रयोगासाठी अशा पाळ्या मी पुष्कळ केल्या. खोलीत माणसं दोनच, शिफ्ट लीडर आणि मी. समोर भिंतभर पडदे, त्यांवर हलणारे आलेख, टेबलावर एक फोन. प्रयोगशाळा बघायला आलेल्या पाहुण्यांचा इथे हमखास विरस होतो. कण कुठे आहेत, असं ते विचारतात आणि आम्ही त्यांना आलेखातले उंचवटे दाखवतो.

कण पलीकडे, जाड काँक्रीटच्या आड. बीम चालू असताना तिथे माणसाला मज्जाव.

पहाटे तीनच्या सुमारास पडद्यावरची एक रेघ धपकन शून्यावर येते. "बीम गेला," लीडर मान वर न करता म्हणतो. इलेक्ट्रॉनांना वेग देणाऱ्या निओबियमच्या पोकळ्या द्रव हेलियमनं २ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे २७१ अंशांपर्यंत गार ठेवलेल्या असतात. अशा चारशेच्या वर पोकळ्या आहेत. त्यातली एखादी रुसली की यंत्रणा स्वतःच बीम तोडते. हे तासातून अनेकदा होतं आणि बहुतेक वेळा मिनिटाभरात रेघ पुन्हा वर चढते. नवख्या माणसाच्या पोटात प्रत्येक वेळी गोळा येतो. महिन्याभरानं तो कॉफीचा घोट घेताघेता "आला" म्हणायला शिकतो.

तर हा बीम इलेक्ट्रॉनांचा. आम्हाला मात्र इलेक्ट्रॉन नको असतात, फोटॉन हवे असतात, म्हणजे प्रकाशाचेच कण, पण डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या अब्जावधीपट ऊर्जेचे. ते मिळवायची युक्ती मला अजूनही सुंदर वाटते. जवळजवळ १२ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा इलेक्ट्रॉन हिऱ्याच्या एका चकतीतून पाठवायचा. चकतीची जाडी सुमारे ५० मायक्रॉन, म्हणजे केसाइतकीच समजा. अणूंजवळून जाताना इलेक्ट्रॉन वाकतो, वेग गमावतो आणि गमावलेली ऊर्जा फोटॉन होऊन पुढे निघते. कुठल्याही धातूच्या पत्र्यातून हे घडलं असतं. पण हिऱ्यात अणू कवायतीला उभे असल्यासारखे ओळीत असतात. चकती नेमक्या कोनात धरली की त्या ओळी मिळून धक्का देतात आणि ९ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या जरा अलीकडे फोटॉनांची गर्दी होते. शिवाय हे फोटॉन ध्रुवित असतात, म्हणजे त्यांची थरथर एका ठरावीक पातळीत होते. ७५ मीटर पुढे ५ मिलिमीटरचं भोक असलेला अडसर. त्यातून जो झोत जाईल तो आपला.

पाळीतलं अर्धं काम या चकतीच्या कोनाची राखण करण्याचं. आलेखावर गर्दीची उजवी कड एखाद्या कड्यासारखी तुटलेली दिसते. ती सरकू लागली की कोन किंचित, अगदी किंचित फिरवायचा. दोनेक तासांनी रन, म्हणजे नोंदीचा एक टप्पा, संपला की हिऱ्याची दिशाच बदलायची आणि थरथरीची पातळी वळवायची. बीम खाऊन खाऊन हिराही शेवटी खराब होतो, त्याच्या ओळी विस्कटतात आणि त्याची जागा दुसरा घेतो.

फोटॉन निघाला, पण त्याची ऊर्जा किती हे त्याला विचारता येत नाही. विचारायचं इलेक्ट्रॉनला. हिऱ्यातून बाहेर पडलेला इलेक्ट्रॉन चुंबकानं वळवला की जितका दुबळा तितका जास्त वळतो. कुठे जाऊन पडला ते पाहिलं की उरलेली ऊर्जा कळते, आणि वजाबाकी केली की फोटॉनची. या वहीखात्याला टॅगिंग म्हणतात. अडचण एकच. इलेक्ट्रॉनांचे पुंजके दर ४ नॅनोसेकंदांनी येतात, त्यामुळे कधी कधी भलत्याच इलेक्ट्रॉनचं नाव भलत्याच फोटॉनवर लागतं. त्यावर तोडगाही हिशेबीच आहे. मुद्दाम शेजारचे चुकीचे पुंजके घ्यायचे, त्यांतून किती खोट्या जोड्या जमतात ते मोजायचं आणि तेवढ्या खऱ्या ढिगातून वजा करायच्या.

मग फोटॉन ३० सेंटिमीटर लांबीच्या द्रव हायड्रोजनच्या नळकांड्यात शिरतो आणि एखाद्या प्रोटॉनला गाठतो. आमचा सगळा मामला इथून सुरू होतो.

आम्ही शोधतो त्या कणांची गोष्ट मात्र जुनी. १९४७ मध्ये मँचेस्टरला रोचेस्टर आणि बटलर यांना मेघकोठीच्या छायाचित्रांत अचानक उमटलेल्या दुबेळक्या दिसल्या. न दिसणारा कुठला तरी कण मोडून दोन दिसणारे कण निघाले होते. पुढे पन्नासच्या दशकात मुंबईच्या टीआयएफआरमध्ये बर्नार्ड पीटर्स, देवेंद्र लाल, यश पाल यांनी फुग्यांबरोबर आकाशात सोडलेल्या फोटोच्या इमल्शनच्या थप्प्यांत असेच कण अभ्यासले. या कणांचं वागणं खरोखर चक्रावणारं होतं. जन्मायचे चुटकीसरशी, मरायचे मात्र रेंगाळत. ज्या बळानं जन्म दिला त्याच बळानं मोडायचं असतं तर ते कितीतरी पटींनी लवकर मोडले असते. १९५३ मध्ये गेल-मान आणि निशिजिमा यांनी स्वतंत्रपणे उत्तर दिलं: या कणांजवळ एक जादा गुण आहे, आणि जन्माच्या वेळी त्या गुणाची बेरीज शून्यच राहावी लागते. त्या गुणाचं नाव स्ट्रेंजनेस. मराठी पुस्तकांत विचित्रता म्हणतात. पुढे कळलं की हा गुण म्हणजे पोटात असलेला स्ट्रेंज क्वार्क.

बेरीज शून्य म्हणजे स्ट्रेंज कण कधी एकटा जन्मत नाही. आमच्याकडचं सर्वांत साधं जोडपं केऑन आणि लॅम्डा यांचं. फोटॉन प्रोटॉनवर आदळला, पुढे धन केऑन गेला, मागे लॅम्डा राहिला. त्यासाठी फोटॉनची ऊर्जा किमान ९११ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट लागते, आमच्याकडे त्याच्या नऊ-दहापट असते. फोटॉनच का, तर त्याच्या स्वभावामुळे. तो क्षणभर स्वतःच क्वार्क-प्रतिक्वार्कची जोडी होऊन वावरतो, आणि त्यात स्ट्रेंज जोडीचाही वाटा असतो. केऑन किंवा त्याचा हलका भाऊबंद पायॉन मारून जे दिसलं नाही ते प्रकाश मारून दिसेल, ही आशा त्यातूनच आली. ती फोलही ठरली नाही. प्रोटॉनची एन-१९०० नावाची उत्तेजित अवस्था आज पक्की मानली जाते, ती मुख्यतः फोटॉनांनी घडवलेल्या केऑन-लॅम्डा जोड्यांच्या जोरावर.

घडवणं सोपं आहे. ओळखणं हे खरं काम. सेकंदाला चाळीसेक हजार घटना नोंदल्या जातात, त्यांतल्या हजारात जेमतेम एखादी आमच्या जोडप्याची. बाकी सगळा पायॉनांचा पाऊस. केऑन आणि पायॉन दोघंही चुंबकात सारखेच वळतात, दोघांचाही भार तोच. फरक वस्तुमानाचा, म्हणून सारख्याच संवेगाचा केऑन पायॉनपेक्षा किंचित हळू. २ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टला ६ मीटरच्या शर्यतीत केऑन सुमारे अर्धा नॅनोसेकंद मागे राहतो. आमच्या घड्याळाची चूक १०० पिकोसेकंदांची, म्हणजे ०.१ नॅनोसेकंदाची, म्हणून निवाडा होतो. ४ ला हाच फरक ०.१४ नॅनोसेकंदांवर, जवळजवळ त्या चुकीइतकाच, येतो आणि घड्याळ हात टेकतं.

म्हणून डर्क आलं. हे यंत्र सेकंडहँड. स्टॅनफर्डला बाबार प्रयोगात वापरलेल्या, क्वार्ट्झसारख्या शुद्ध काचेच्या जवळजवळ पाच मीटर लांबीच्या कांड्या चार पेट्यांतून इथे आणून बसवल्या. कांडीतून वेगवान कण गेला की निळसर प्रकाश निघतो आणि काचेच्या आतल्या आत आपटत टोकाला पोचतो. त्याचा कोन वेगावर ठरतो. ४ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टला पायॉन आणि केऑन यांच्या कोनांत फरक जेमतेम एक तृतीयांश अंशाचा, पण एवढा पुरतो. खरं तर आमचा मोठा चुंबकही असाच घरोघर फिरलेला. मुळात तो स्टॅनफर्डलाच लास नावाच्या प्रयोगासाठी बनला, मग लॉस अलामोसला गेला आणि शेवटी इथे आला. लासमध्येही केऑनच वळवायचे. पन्नास वर्षांनी तो पुन्हा त्याच धंद्यात.

लॅम्डा दिसतच नाही, त्याला भार नाही. काही सेंटिमीटर जाऊन तो प्रोटॉन आणि ऋण पायॉन यांत मोडतो, निदान शंभरातल्या ६४ वेळा. त्या दोघांची ऊर्जा-संवेगाची बेरीज करून मूळ वस्तुमान काढायचं आणि एकेक घटना आलेखात टाकत जायची. हा आलेख भरताना बघणं म्हणजे या कामातली चैन. सुरुवातीला नुसती विखुरलेली वाळू. तासाभरात १११६ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टजवळ एक टोक वर येतं, अरुंद, सरळ. ते १११६ वर असलं की आम्ही निश्चिंत. ११२० वर दिसलं तर कुठल्या तरी डिटेक्टरची जुळणी बिघडलेली असते.

विद्यार्थिदशेत मी एकदा याहून देखणा उंचवटा शोधून काढला होता. दोन केऑनांच्या बेरजेत १.२ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, रुंद आणि ठसठशीत. दोन रात्री झोपले नाही. तिसऱ्या दिवशी सरांनी आलेख बघितला आणि एवढंच म्हणाले, "तेच कण पायॉन धरून बेरीज कर." केली. उंचवटा उठून ७७० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टवर जाऊन बसला. तो रो होता, भौतिकीतल्या सगळ्यांच्या ओळखीचा, दोन पायॉनांत मोडणारा. मी पायॉनांना केऑनांचं वजन दिलं होतं आणि त्यांनी बिचाऱ्यांनी केऑन असल्यासारखी बेरीज करून दाखवली.

माझा उंचवटा वहीतच राहिला. काही उंचवटे जगभर गाजतात. २००३ मध्ये जपानच्या स्प्रिंग-८ मधल्या लेप्स प्रयोगानं १५४० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टला एक टोक जाहीर केलं. तिथे फोटॉन मिळवायची रीत वेगळी: लेझरचा प्रकाश ८ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या इलेक्ट्रॉनांवर समोरून मारायचा, तो उलटून प्रचंड ऊर्जेनं परत येतो. त्या टोकात घटना होत्या जेमतेम १९, पण अर्थ मोठा होता: चार क्वार्क आणि एक स्ट्रेंज प्रतिक्वार्क मिळून पाचांचा कण. १९९७ मध्ये दियाकोनोव्ह, पेत्रोव्ह आणि पोल्याकोव्ह यांनी जवळपास तिथेच त्याचं भाकीत केलेलं. मग एकामागून एक प्रयोगशाळांना तो दिसू लागला. जेफरसन लॅबच्या हॉल-बीमधल्या क्लास प्रयोगालाही दिसला. मग त्याच क्लासनं कितीतरी पट जास्त माहिती घेऊन तोच प्रयोग पुन्हा केला आणि टोक नाहीसं झालं. पहिल्या वेळी पार्श्वभूमी कमी धरली गेली होती, हे त्यांनी स्वतःच छापलं. मला यात नामुष्कीपेक्षा तो दुसरा प्रयोग मोठा वाटतो. आपलंच सोनं पुन्हा कसाला लावायला बीमचे आठवडे मागून घेणं सोपं नसतं.

लॅम्डाची आणखी एक गंमत आहे. मोडताना तो स्वतःच्या गिरकीची दिशा सांगून जातो: प्रोटॉन गिरकीच्या बाजूला जास्त वेळा जातो. किती जास्त, ते एका आकड्यात येतं. तो आकडा कित्येक दशकं ०.६४२ होता. पुस्तकात, प्रोग्राममध्ये, सगळीकडे. मीही तो कधी शंका न घेता टाइप केलेला आहे. २०१९ मध्ये बीजिंगच्या बीईएस-३ प्रयोगानं मोजला तो ०.७५० निघाला. क्लासची जुनी केऑन-लॅम्डा माहिती मग नव्यानं तपासली गेली. ध्रुवित फोटॉनांनी मिळणाऱ्या राशींना काही गणिती नाती पाळावीच लागतात, ०.६४२ धरला तर ती जुळत नव्हती, ०.७२१ धरला तर जुळत होती. म्हणजे कागद गेली कित्येक वर्षं तक्रार करत होता. लॅम्डाच्या गिरकीचे जुने छापील आकडे यामुळे सरसकट अकरा ते चौदा टक्क्यांनी उतरले.

साडेसातला उजाडतं. लीडर लॉगबुकात रात्रीची जंत्री लिहितो: किती रन, हिरा कोणत्या दिशेला, बीम किती वेळा गेला. याच हॉलमध्ये पुढे बेरिलियमवर फोटॉन मारून तटस्थ, दीर्घजीवी केऑनांचाच झोत काढायची योजना आहे, २०२० मध्ये तिला मंजुरी मिळाली. तेव्हा मग स्ट्रेंज कण नुसते शोधायचे नाहीत, मारायचेही.

आठला दिवसपाळीचा मुलगा येतो. तो पीएचडी रो वर करतो आहे, त्याला हवेत शुद्ध पायॉन. मी त्याला खुर्ची देते आणि सांगते की डर्क रात्रभर नीट चाललं.

"छान," तो बॅग ठेवत म्हणतो, "मला ते केऑनच काढून टाकायचे आहेत."