जुन्या ग्राफिक्स कार्डाला त्याचाच ड्रायव्हर हवा

ड्रायव्हर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ट्रॅक्टरवाला नाहीतर वडापवाला येतो. आज आपण ज्या ड्रायव्हरविषयी बोलणार आहोत, तो कॉम्प्युटरच्या आत असतो. दिसत नाही, पगार मागत नाही. पण भलताच मिळाला, तर गटाच्या पैशातून आणलेली वस्तू नुसती पडून राहते.

बऱ्याच गटांकडे आता एखादा जुना कॉम्प्युटर असतो. त्यावर हिशेब, ऑनलाइन अर्ज, मसाल्याच्या पाकिटांची लेबलं, कुठे एम्ब्रॉयडरीची डिझाइनं, कुठे लग्नाचे व्हिडिओ जोडणं. काम वाढलं की कुणीतरी सांगतं, ग्राफिक्स कार्ड टाका. नवं परवडत नाही, म्हणून तालुक्याहून जुनं येतं. कार्ड बसवलं, कॉम्प्युटर चालू केला, तर अक्षरं ही एवढाली मोठी आणि व्हिडिओ अडखळत चाललेला. लगेच सगळ्या म्हणतात, दुकानदाराने गंडवलं. जरा थांबा. अशा वेळी कार्ड चांगलं असू शकतं, फक्त त्याला ड्रायव्हर मिळालेला नसतो.

कार्डाचं काम चित्र तयार करून स्क्रीनकडे पाठवणं. पण विंडोजला त्या कार्डाची बोली कळत नाही. मध्ये दुभाष्या लागतो, तोच हा ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम. तो नसेल तर विंडोज स्वतःचा एक कामचलाऊ दुभाष्या उभा करतं, त्याचं नाव ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’. चित्र दिसतं, पण कार्डाची ताकद वापरली जात नाही.

आधी दोन सोप्या गोष्टी बघा. स्क्रीनची वायर नव्याने बसवलेल्या कार्डालाच जोडली आहे ना? पुष्कळदा ती जुन्याच जागी असते. दुसरं, इंटरनेट जोडा, सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट चालवा आणि पंधरा-वीस मिनिटं वाट पाहा. अनेक कार्डांचा ड्रायव्हर विंडोज आपणच शोधून आणतं. स्क्रीन एकदा काळी होऊन परत आली आणि अक्षरं बारीक, नीट झाली, की काम झालं.

नाही झालं, तर कार्डाची खरी ओळख काढायची. खोक्यावरचं नाव, स्टिकर, दुकानदाराचा शब्द, यांतलं काहीच धरून चालू नका. स्टार्टच्या बटणावर माऊसची उजवी कळ दाबा, डिव्हाइस मॅनेजर उघडा. डिस्प्ले अडॅप्टर्सखाली जे नाव दिसेल त्यावर पुन्हा उजवी कळ, मग प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, आणि तिथल्या यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. एक लांबलचक ओळ दिसेल. तिच्यात ‘व्हीईएन’पुढची चार अक्षरं म्हणजे चिप बनवणारी कंपनी. १०डीई असेल तर एनव्हिडिया, १००२ असेल तर एएमडी, ८०८६ असेल तर इंटेल. ‘डीईव्ही’पुढची चार अक्षरं म्हणजे नेमकी चिप. हे दोन्ही वहीत उतरवून घ्या. गाईच्या कानातल्या बिल्ल्यासारखंच आहे हे, गाय कुणाच्याही गोठ्यात गेली तरी नंबर तोच.

एवढी खटपट कशाला, असं वाटेल. त्यासाठी एक उदाहरण ऐका. जुन्या बाजारात जीटी ७३० नावाचं स्वस्त एनव्हिडिया कार्ड पुष्कळ फिरतं. नाव एकच, पण आत दोन वेगवेगळ्या पिढ्यांच्या चिपा निघतात. एक केप्लर, दुसरी तिच्याही आधीची फर्मी. डीईव्हीपुढे १२८७ दिसलं तर केप्लर, ०एफ०२ दिसलं तर फर्मी. केप्लरला ४७० शाखेतला ड्रायव्हर लागतो. फर्मीसाठी कंपनीने सर्वसाधारण ड्रायव्हर २०१८ साली थांबवले, तिला ३९१.३५ हा जुना ड्रायव्हरच घ्यावा लागतो. फर्मीवर ४७० घालायला गेलात, तर जुळणारं कार्ड सापडत नाही असा निरोप येतो आणि काम तिथंच अडतं. कार्ड चांगलं, ड्रायव्हरही चांगला, पण जोडी चुकलेली.

आणखी एक अडचण खूप जुन्या कॉम्प्युटरची. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट, इथे विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट ते लिहिलेलं असतं. एनव्हिडियाने ३९० शाखेनंतर ३२ बिटसाठी ड्रायव्हर काढणं बंद केलं. तेव्हा डाउनलोड करण्याआधी हे बघाच.

ड्रायव्हर घ्यायचा तो कंपनीच्याच साइटवरून, एनव्हिडिया डॉट कॉम किंवा एएमडी डॉट कॉम. तिथे तो फुकट असतो. शोधताना वरती जाहिराती येतात, ‘तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’. त्यांच्या नादी लागू नका, असं आमचं स्पष्ट सांगणं आहे. काही पैसे मागतात, काही सोबत नको ते प्रोग्रॅम आणून बसवतात. ज्या कॉम्प्युटरवर गटाचं बँक खातं उघडतं, तिथे अनोळखी माणसाला घराची किल्ली देण्यासारखं आहे ते.

एनव्हिडियाचा ड्रायव्हर बसवताना ‘कस्टम’ निवडून ‘क्लीन इन्स्टॉलेशन’वर खूण करा, म्हणजे आधीच्या ड्रायव्हरच्या जुन्या सेटिंग्ज पुसल्या जातात. लाइट जाण्याची वेळ टाळा. मध्येच स्क्रीन काळी झाली तरी घाबरून बटण बंद करू नका, दोन-चार मिनिटं थांबा.

आता खऱ्या फसवणुकीचं. जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआय अशा जुन्या कार्डांवर नाव बदलून ती १०५० टीआय म्हणून विकण्याचे प्रकार झालेले आहेत. कॉम्प्युटरलाही ते खोटं नावच दिसतं, आणि त्या नावाचा ड्रायव्हर घातला की गडबड सुरू होते. जीपीयू-झेड नावाचा छोटा फुकट प्रोग्रॅम आहे, तो अशी बरीच कार्डं ओळखतो आणि नावाआधी ‘फेक’ असं दाखवतो. शक्य असेल तर पैसे देण्याआधी दुकानातच हा प्रोग्रॅम चालवून घ्या, आणि बिलावर कार्डाचं नाव व परत घेण्याची मुदत लिहून मागा. दुकानदार काकूं-काकूं म्हणत टाळायला लागला, तर दुसरं दुकान बघा.

सगळं नीट चाललं, की ड्रायव्हरची ती फाइल पेनड्राइव्हवर ठेवा आणि वहीतल्या नंबरशेजारी तिचं नाव लिहा. विंडोज पुन्हा टाकायची वेळ आली, तर शोधाशोध करावी लागणार नाही.